घरांत ताप आला असतां

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो आपणां सर्वांच्या घरांतला विषय आहे. वर्षांतून एकदां तरी ज्या घरांत कोणाला ताप आला नाहीं, असें घर माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. आरंभींच एक खुलासा करतों. मी वैद्य नव्हें. पेशानें शिक्षक, आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां औषधयोजना सांगण्याचा मला अधिकार नाहीं आणि तसा माझा हेतूहि नाहीं. परंतु अनेक वर्षें वर्गावर उभें राहिल्यानें एक गोष्ट मला सतत पाहावयास मिळाली. पावसाळा सुरू झाला कीं हजेरीपुस्तकांत गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागत आणि पालकांच्या चिठ्ठींत कारण बहुधा एकच असे: “ताप आल्यामुळें.” एखाद्या मुलाचा ताप दुसऱ्याच दिवशीं उतरे, एखादें तीन आठवडे अंथरुणास खिळून राही, आणि क्वचित् एखादें मूल पुन्हां वर्गांत येतच नसे. चिठ्ठींतला शब्द तोच. पण त्यामागील वस्तुस्थिति किती निराळी!

म्हणूनच ताप म्हणजे काय, तो कां येतो, आणि घरीं वाट पाहण्याची वेळ संपून डॉक्टरांकडे जाण्याची वेळ केव्हां येते, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करूं. पहिले दोन प्रश्न ज्ञानाचे आहेत. तिसरा प्रसंगीं जीवनमरणाचा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं सर्व रोगांत ज्वराला अग्रस्थान दिलें होतें. चरकसंहितेच्या निदानस्थानांतील पहिलाच अध्याय ज्वरनिदानाचा आहे. एक दिवसाआड येणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चातुर्थक, इतकें बारीक निरीक्षण त्या काळींहि झालेलें होतें. नव्हतें तें ताप मोजण्याचें साधन. रोग्याच्या अंगावर ठेवलेला हात हीच तापमापी. एकोणिसाव्या शतकांत ही स्थिति पालटली. जर्मनींतील लायप्झिग येथील कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनीं सुमारें २५,००० रोग्यांच्या तापाच्या नोंदी जमवून १८६८ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाची उष्णता ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हा आंकडा तेव्हांपासून रूढ झाला. त्याच सुमारास इंग्लंडांत क्लिफर्ड ऑलबट यांनीं सहा इंच लांबीची, पांच मिनिटांत ताप दाखविणारी तापमापी बनविली. त्यापूर्वींचीं तापमापकें फूटभर लांब असत आणि तीं वीस वीस मिनिटें धरून बसावें लागे. आज बटण दाबतांच क्षणांत आंकडा दाखविणारें साधन घरोघरीं आहे.

परंतु वुंडरलिश यांच्या ग्रंथाचें खरें महत्त्व त्या एका आंकड्यांत नाहीं. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचें लक्षण आहे, हा विचार त्यामुळें वैद्यकांत रुजला. घरांत ताप येतो तेव्हां आपण नेमकी हीच गोष्ट विसरतों. आपण तापाशीं झगडूं लागतों आणि तो ज्यानें धाडला त्याची चौकशी करावयाची राहून जाते.

आतां शरीरांत काय घडतें तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा एक लहानसा भाग आहे. शरीराची उष्णता किती ठेवावयाची हें तो ठरवितो. विजेच्या इस्तरीवर एक चकती असते. ती जेथें फिरवून ठेवावी तितकीच इस्तरी तापते. तशीच ही व्यवस्था समजा. एरवीं ती चकती ३७ च्या आसपास असते. रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे त्यांच्याशीं लढणाऱ्या पेशींतून कांहीं द्रव्यें रक्तांत उतरतात, त्यांच्या योगानें मेंदूंत प्रोस्टाग्लँडिन नांवाचें द्रव्य तयार होतें आणि तें ही चकती ३९ वर किंवा ४० वर नेऊन ठेवतें. आतां शरीर आहे ३७ वर आणि हुकूम आहे ३९ चा. म्हणजे शरीराच्या दृष्टीनें तें थंड पडलेलें आहे. म्हणून ताप चढतांना हुडहुडी भरते, दांत वाजतात, हातपाय गार पडतात आणि माणूस पांघरूण मागतो. स्नायु थरथरून उष्णता निर्माण करितात व त्वचेंतील रक्तवाहिन्या आकसून ती आंत राखून ठेवतात. पुढें चकती खालीं आली कीं शरीराला तीच उष्णता अधिक वाटूं लागते, दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो.

पॅरासिटामॉलची गोळी काय करते, हेंहि यावरून ध्यानांत येईल. ती चकती खालीं आणते, बस्स! ज्या जंतूंमुळें ती वर गेली त्यांना ती गोळी स्पर्शहि करीत नाहीं. म्हणून गोळीनें ताप उतरला, तेवढ्यावरून रोग हटला असें समजूं नये. आणि गोळीनें ताप पुरता उतरला नाहीं, तेवढ्यावरून रोग भयंकर आहे असेंहि समजूं नये.

हा ताप शरीराच्या हिताचा कीं अहिताचा? याविषयीं १९७५ सालीं अमेरिकेंत मॅथ्यू क्लुगर व त्यांचे सहकारी यांनीं एक मोठा मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. वाळवंटांतील इग्वाना जातीच्या सरड्यांना जंतूंचा संसर्ग करून त्यांना निरनिराळ्या उष्णतेंत ठेवण्यांत आलें. सरड्याला स्वतःची उष्णता वाढवितां येत नाहीं. भोंवतालच्या हवेवर ती अवलंबून असते. ज्यांना अधिक उबेंत ठेवलें होतें ते सरडे अधिक संख्येनें वांचले. थंड ठेवलेल्यांत मृत्यूचें प्रमाण मोठें होतें. थोडक्यांत, ताप हें शरीराचें एक शस्त्र आहे. पण शस्त्र म्हटलें कीं खर्चहि आला. उष्णता एक अंश सेल्सिअसनें वाढली कीं शरीराचा व्यय सुमारें एकदशांशानें वाढतो, पाणी अधिक उडून जातें, हृदयाला अधिक धांवावें लागतें. धडधाकट माणसाला हा खर्च चार दिवस सोसतो. तान्हें मूल, वृद्ध, गर्भवती, हृदयाचा रोगी यांना तो सोसेलच असें नाहीं.

येथें एक भेद सांगितलाच पाहिजे. वैशाखाच्या उन्हांत नागपूर-चंद्रपूरकडे उष्माघातानें माणसें दगावतात. त्या वेळींहि अंग भाजतें, परंतु तो ताप नव्हे. तेथें चकती जागच्या जागींच असते. शरीर थंड ठेवण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. म्हणून तेथें पॅरासिटामॉलचा उपयोग नाहीं. उन्हांतून आलेला माणूस बरळूं लागला, बेशुद्ध झाला आणि त्याचें अंग आगीसारखें लागूं लागलें, तर त्याला सावलींत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी घालून वारा घालावा आणि तसाच तांतडीनें रुग्णालयांत पोंचवावा.

आतां ताप येतो कशाकशानें? कारणांची यादी फार लांब आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक ताप तीनचार वाटांनीं येतात, आणि ती वाट ओळखणें हें डॉक्टरांच्या फार उपयोगीं पडतें.

पहिली वाट श्वासाची. सर्दी, पडसें, फ्लू, कोविड, घसा येणें, न्यूमोनिया हे सारे याच वाटेनें येतात. यांतील बहुसंख्य विषाणुजन्य असतात आणि तीनपांच दिवसांत आपोआप ओसरतात. न्यूमोनिया मात्र घात करणारा, आणि त्याची खूण तापाच्या आंकड्यांत नसून श्वासाच्या गतींत असते. तसेंच सायंकाळीं येणारा बारीक ताप, खोकला आणि उतरणारें वजन हीं दोन आठवड्यांवर टिकलीं तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. तो क्षय असूं शकतो.

दुसरी वाट पाण्याची व अन्नाची. ज्याला आपण मुदतीचा ताप म्हणतों तो विषमज्वर, म्हणजेच टायफॉईड, दूषित पाण्यांतून येतो. पहिल्या आठवड्यांत तो पायरीपायरीनें चढत जातो. आतड्यांना इजा करणारा हा रोग योग्य औषधानें पूर्ण बरा होतो. परंतु नेमकें औषध ठरविण्यासाठीं रक्तांतील जंतु वाढवून पाहण्याची चांचणी अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वीं झालेली बरी. घरांत उरलेल्या दोन कॅप्सूल आपल्याच मतानें दिल्या कीं रोग तर हटत नाहीं, पण जंतु मात्र तपासणींत सांपडेनासे होतात.

तिसरी वाट डांसांची. सिकंदराबाद येथें २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनल्ड रॉस यांना डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु दिसले. तो शोध याच भूमींत लागला. तरीहि हिंवताप अजून आपल्यांतून गेलेला नाहीं. गडचिरोलीच्या जंगलांत तो आहे आणि मुंबईसारख्या शहरांतहि आहे. त्याचा एक प्रकार, फॅल्सिपेरम नांवाचा, मेंदूवर गेला तर थोड्याच दिवसांत प्राण घेऊं शकतो. दुसरा, व्हायवॅक्स, यकृतांत लपून बसतो व कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं पुन्हां उचल खातो. म्हणून ताप उतरल्यावरहि ठरवून दिलेलें औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावयाचें असतें. डेंगी आणि चिकुनगुन्या हेहि डांसांचेच; डेंगीविषयीं पुढें स्वतंत्र सांगणार आहें.

चौथी वाट चिखलाची आणि गवताची. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली, हें अनेकांच्या स्मरणांत असेल. उंदीर व गुरें यांच्या मूत्रांतील जंतु सांचलेल्या पाण्यांत उतरतात आणि पायावरील बारीकशा जखमेंतून आंत शिरतात. ताप बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं येतो, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. तोंवर रोगी पाण्यांतून चालल्याचें विसरून गेलेला असतो! त्याचप्रमाणें शेताच्या बांधावरील गवतांतील बारीक किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस २०१८ सालीं नागपूर व विदर्भांत मोठ्या प्रमाणांत आढळला. यांत किडा चावलेल्या जागीं कधीं कधीं काळी खपली दिसते. ती कांखेंत, जांघेंत लपलेली असते. या दोन्ही रोगांवर गुणकारी औषधें आहेत, मात्र तीं वेळेवर मिळावीं लागतात.

याशिवाय लघवीच्या मार्गाचा दाह, पिकलेलें गळूं, संधिवाताचे कांहीं प्रकार, रक्ताचे विकार, लस टोंचल्यानंतरचे एकदोन दिवस, अशीं इतरहि कारणें आहेत. मुलाला दांत येतात म्हणून ताप आला, असें घरोघरीं म्हटलें जातें. दांत येतांना अंग किंचित् कोमट लागेल. खरा ताप दांतांमुळें येत नाहीं, त्याचें कारण दुसरीकडे शोधावें.

आतां मुख्य प्रश्न: थांबावें केव्हांपर्यंत आणि जावें केव्हां?

प्रथम मोजणें नीट हवें. हात लावून ताप आहे-नाहीं याचा अंदाज येतो. किती आहे हें कळत नाहीं. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, येथून पुढें ताप धरावा. कांखेंतील आंकडा तोंडांतल्यापेक्षां थोडा कमी येतो. सकाळपेक्षां सायंकाळीं निरोगी माणसाचेंहि अंग थोडें अधिक उष्ण असतें. गरम चहा घेतल्यावर पाव तास थांबून मग तोंडांत तापमापी धरावी.

हें सारें केल्यावर मी असें सांगणार आहें कीं केवळ या आंकड्यावर विसंबूं नका. १०३ ताप असलेलें मूल गोळीनंतर उठून बसतें, पाणी मागतें, भावंडाशीं भांडतें. त्याची बहुधा चिंता नसते. उलट १००.५ ताप असलेलें मूल निपचित पडून राहतें, आईच्या हांकेला ओ देत नाहीं. तेथें क्षणाचाहि विलंब नको. म्हणून आंकड्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्या: वय, लक्षणें आणि दिवस.

वय असें पाहावें. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला ३८ अंश ताप आला तर रात्र असो वा पहाट, डॉक्टरांकडे गेलेंच पाहिजे. त्या वयांत गंभीर संसर्गाची दुसरी कोणतीहि खूण पुष्कळदां दिसत नाहीं. कित्येकदां तर बाळ तापण्याऐवजीं थंड पडतें आणि दूध ओढेनासें होतें. तीहि तितकीच गंभीर खूण होय. दुसऱ्या टोंकाला वृद्ध माणसें. त्यांना मोठा संसर्ग असूनहि ताप नाममात्र असूं शकतो. आजी एकाएकीं असंबद्ध बोलूं लागल्या, जेवेनाशा झाल्या, उठतांना तोल जाऊं लागला, तर वय झालें म्हणून सोडून देऊं नये. गर्भवती, मधुमेही, आणि ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत असे रोगी यांनींहि घरीं वाट पाहात बसूं नये.

आतां लक्षणें. श्वास जलद चालणें किंवा छाती आंत ओढली जाणें. लहान मुलाचा श्वास घड्याळ समोर ठेवून, मूल शांत असतांना, पुरें एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आंत मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, आणि एक ते पांच वर्षें ४०, इतका किंवा याहून अधिक भरला तर तो जलद समजावा. ही मोजणी कोणत्याहि मातेला करतां येईल. याशिवाय मान ताठ होऊन हनुवटी छातीला न लागणें, असह्य डोकेदुखी, गुंगी, बरळणें, कांचेचा पेला दाबून पाहिला तरी न पुसले जाणारे लाल-जांभळे ठिपके, वारंवार उलट्या, सतत पोटदुखी, हिरड्यांतून, नाकांतून वा शौचावाटे रक्त, डोळे पिंवळे होणें, सहा-आठ तास लघवी न होणें. यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर तें त्या क्षणीं जाण्याचें कारण आहे. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते.

मुलाला तापांत झटके आले तर घराचा धीर सुटतो. सहा महिने ते पांच वर्षें या वयांत शंभरांतील दोन ते पांच मुलांना तापामुळें असे झटके येतात आणि बहुतेकांना पुढें कांहीं अपाय होत नाहीं. मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत चमचा, बोट, पाणी कांहीं घालूं नये. कांदा किंवा वहाण हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. झटका पांच मिनिटांत थांबला नाहीं, पुन्हां आला, किंवा थांबल्यावर मूल शुद्धीवर आलें नाहीं, तर तें साध्या तापाचें काम नव्हे. नागपूरजवळील चांदीपुरा या गांवाचें नांव १९६५ सालीं तेथें सांपडलेल्या एका विषाणूला मिळालें. वाळूमाशीच्या चाव्यांतून तो येतो आणि कांहीं तासांत मुलाच्या मेंदूवर आघात करूं शकतो. पहिला झटका आलेल्या प्रत्येक मुलाला त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें, हाच शहाणपणाचा मार्ग.

तिसरी गोष्ट दिवस. वरील कोणतेंहि लक्षण नसलें तरी ताप तिसऱ्या दिवसापुढें गेला तर डॉक्टरांकडे जावें. पावसाळ्यांत आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत इतकेंहि थांबूं नये. रक्त तपासून हिंवताप नाहीं याची खात्री लवकर करून घ्यावी. सरकारी आरोग्यकेंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. ताप उतरून दोनचार दिवसांनीं पुन्हां आला, तरीहि पुन्हां दाखवावें.

आतां डेंगीविषयीं. सर्वसाधारण समजूत अशी कीं ताप उतरला म्हणजे संकट टळलें. डेंगीमध्यें संकट पुष्कळदां ताप उतरल्यावरच येतें. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खालीं येतो आणि त्याच वेळीं कांहीं रोग्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तांतील द्रव पाझरूं लागतो. नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात, पोट दुखतें, अस्वस्थता वाढते. हे २४ ते ४८ तास निर्णायक असतात. माझ्या शाळेंतील एका मुलाचा ताप पांचव्या दिवशीं उतरला, तेव्हां घरच्यांनीं देवापुढें साखर ठेवली. मुलगा गप्प पडून होता; थकला असेल असें सर्वांना वाटलें. शेजारच्या नर्सबाई सहज विचारपूस करण्यास आल्या, त्यांनीं त्याचा हात हातांत घेतला, तो गार लागला. सकाळपासून लघवी झाली नाहीं हेंहि चौकशींत कळलें. त्यांनीं त्याच पावलीं त्याला रिक्षांत घालून रुग्णालयांत नेलें. शिरेंतून सलाईन मिळालें आणि मुलगा वांचला. तापमापी त्या वेळीं ९८ दाखवीत होती.

डेंगींत सारें घर प्लेटलेटच्या आंकड्याकडे डोळे लावून बसतें. त्या आंकड्याचा अर्थ डॉक्टरांनीं लावावा. घरच्यांनीं पाहावयाचें तें असें: रोगी पाणी किती पितो, लघवी किती वेळां होते, पोट दुखतें का, उलट्या होतात का, हातपाय ऊबदार आहेत का. आणि एक कडक पथ्य: डेंगीचा संशय असतां अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा अंगदुखीच्या तत्सम गोळ्या घेऊं नयेत; त्यांनीं रक्तस्राव वाढतो. तापासाठीं पॅरासिटामॉलच. सोळा वर्षांखालील मुलांना तर कोणत्याहि तापांत डॉक्टरांच्या सांगण्यावांचून अॅस्पिरिन देऊंच नये.

पॅरासिटामॉल निर्धोक म्हणून तें वाटेल तितकें घेण्याचाहि प्रघात दिसतो. तो घातक आहे. मुलांची मात्रा वजनावरून ठरते. दोन मात्रांत ४ ते ६ तासांचें अंतर असावें व दिवसभरांत चारांहून अधिक मात्रा होऊं नयेत. लहान मुलांसाठीं मिळणाऱ्या थेंबांच्या औषधांत द्रव्य तीव्र असतें व सिरपमध्यें सौम्य. एकाचें माप दुसऱ्याला लावूं नये. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतहि पॅरासिटामॉल असतेंच, हें न पाहतां दोन्ही घेतल्यास यकृताला इजा होते. आणि ही गोळी आंकडा खालीं आणण्यासाठीं घ्यावयाची नसून रोग्याला आराम पडावा म्हणून घ्यावयाची आहे. मूल शांत झोंपलें असेल तर केवळ ताप मोजून गोळी देण्यासाठीं त्याला उठवूं नये.

घरची शुश्रूषा साधीच असावी. हुडहुडी असेपर्यंत पांघरूण द्यावें. ती थांबली कीं काढावें. दारें-खिडक्या बंद करून, घोंगडीवर घोंगडी घालून घाम काढण्याची रीत चुकीची. बर्फाचें पाणी किंवा स्पिरिट अंगाला लावूं नये. त्यानें पुन्हां कांपरें भरतें. कोमट पाण्यानें अंग पुसल्यानें बरें वाटत असेल तर खुशाल पुसावें. भूक नसेल तर जेवणाचा आग्रह नको, पण लंघनाच्या नांवाखालीं पाणी तोडूं नये. भाताची पेज, मुगाचें कढण, पातळ ताक, लिंबाचें सरबत, मऊ भात व मेतकूट हीं आपल्या आज्यांनीं ठरविलेलीं पथ्यें आजहि उत्तमच आहेत. अंगावरचें दूध पिणाऱ्या बाळाला तें अधिक वेळां पाजावें. कोणाला दृष्ट काढावयाची असेल तर काढावी. मात्र तिच्यासाठीं दवाखाना उद्यांवर ढकलूं नये.

शेवटीं शिक्षकाच्या पेशाला साजेशी एक सूचना करतों. घरांत ताप आला कीं एक वही घ्यावी आणि त्यांत तारीख, वेळ, तापाचा आंकडा, कोणतें औषध किती दिलें, पाणी व लघवी किती, आणि रोगी कसा दिसतो, हें ओळीनें लिहीत जावें. गेल्या महिनाभरांत कोठें प्रवास झाला, पुराच्या पाण्यांतून कोण चाललें, शेजारीं कोण आजारी आहे, हेंहि पहिल्याच पानावर नोंदावें. डॉक्टरांपुढें उभें राहिलें कीं आपली स्मृति दगा देते; “परवांपासून ताप आहे” म्हणतांना तो परवां कीं तेरवां हेंच आठवत नाहीं. डेंगीचा दिवस मोजावयाचा असो कीं विषमज्वराचा आठवडा, तें एक पान डॉक्टरांना पुष्कळ कांहीं सांगून जातें. शिवाय लिहावयाचें म्हटलें कीं पाहावें लागतें, आणि रोग्याकडे दर चार तासांनीं नीट पाहणें यासारखी शुश्रूषा नाहीं.

आपल्या घरीं हा प्रसंग न येवो, अशी इच्छा करणें सोपें आहे; परंतु पावसाळा दरवर्षीं यावयाचा आणि त्याबरोबर तापहि यावयाचा. तो आला असतां तापमापी जरूर लावा. पण ती काढून ठेवल्यावर अंथरुणावरील माणसाच्या चेहऱ्याकडे, श्वासाकडे आणि गार पडत चाललेल्या किंवा न पडलेल्या हाताकडेहि लक्ष द्या, इतकीच माझी विनंती आहे.